दीड तास मिळवून वाचावे

रोज सकाळी सहाला माझ्या सासुरवाडीच्या ग्रुपवर एक निरोप जायचा. ‘आज चतुर्थी. भरती सव्वादोन. ओहोटी सव्वाआठ.’ हा निरोप मी स्वतः पाठवत नसे. मी त्या वेळी डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला असे. निरोप पाठवायचा तो कपाटावर ठेवलेला माझा जुना लॅपटॉप, आणि त्याला ते मी शिकवलं होतं. ही गोष्ट मी दोन वर्षांत भेटेल त्याला सांगितली, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा.

सासुरवाडी ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे, तरी ते अजून आपली छोटी होडी घेऊन खाडीत जातात. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून बोईट मासे आणि कोळंबी, झालंच तर चिंबोऱ्या. पूर्वीसारखं काही मिळत नाही, खाडीत कोण काय सोडतं ते देव जाणे, पण जातात. मेहुण्याची नोकरी पाळीची, त्यामुळे त्याला जमेल तेव्हा तो बरोबर असतो. मी मूळचा कोकणातला, पण घाटाच्या पायथ्याचा. पाण्याशी माझा संबंध आधी विहिरीचा आणि मग नळाचा.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी त्या घरात मी पाहुणाच होतो. दारात पोचलो की सासूबाई आतून खुर्ची आणणार, पंखा माझ्याकडे वळवणार. जेवायला बसलो की माझ्या पानात माशाची मधली, जाड, बिनकाट्याची तुकडी. शेपटाकडच्या काटेरी तुकड्या घरच्यांच्या वाट्याला. कशाला हात लावू म्हटलं तर ‘बसा, तुमी बसा.’ एकदा मी ओलं जाळं उचलायला गेलो, तर मेहुण्याने ते माझ्या हातातून इतक्या अलगद काढून घेतलं, जसं काही मी तान्हं मूल पाडणार होतो. जावयाचा मान मोठा असतो म्हणतात. असेल. पण दहा वर्षं खुर्चीवर बसून काढली की त्या मानाचाही कंटाळा येतो. मला त्या घरातला व्हायचं होतं आणि ते कसं व्हायचं, हे मला कळत नव्हतं.

मग एका रविवारी सासऱ्यांनी मला भरतीचं गणित सांगितलं. मी सहज विचारलं होतं, की तुम्हाला पाण्याची वेळ कशी कळते. ते म्हणाले, “तिथीची पाऊनपट करायची. आज चवथ, म्हंजे चार. चाराची पाऊनपट तीन. तीन वाजता भरती. आनि आपल्या खाडीला पाऊन तासाचा फरक धरायचा.”

मी मान डोलावली. एवढंसं काय टिपून घ्यायचं, म्हणून टिपून घेतलं नाही. पण त्याच आठवड्यात मी ते लॅपटॉपवर चढवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून वर्षभराच्या तिथ्या डेटाबेसमध्ये भरल्या, हिशेब केला, निरोप जाऊ लागला. पुढच्या रविवारी मी त्यांना विचारलं, “बाबा, अजून काही?” तर ते बोलू लागले. पुनवेच्या नि अवसेच्या पाण्याला उधाण म्हणतात, त्या वेळी पाणी जोरात चढतं. अष्टमीच्या आसपासचं ते भांग, तेव्हा पाणी मरगळलेलं, चढतं की नाही कळत नाही. पावसाळ्यात वरून नदीचं पाणी आलं की ओहोटी लांबते. प्रत्येक गोष्टीला त्यांची पाच-दहा मिनिटं ठरलेली. दोन वर्षं, दर रविवारी, खुर्चीवर बसून का होईना, मी त्यांच्याकडून मिनिटं गोळा करत होतो. ‘बसा’ आणि ‘चा घ्या’ याच्या पुढे जाऊन हा माणूस माझ्याशी बोलत होता तो या एका कारणाने.

आता खरं सांगायचं तर हे गणित कागदाच्या पाठीवर सुटण्यासारखं होतं. डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत चार-पाच ओळींत मावलं असतं. पण चार ओळींत सासुरवाडीवर छाप कशी पडणार? म्हणून मी ते पायथन नावाच्या दुसऱ्याच भाषेत लिहिलं आणि डेटाबेसच्या पोटात ठेवलं. डेटाबेसला पायथन येत नाही. परक्या भाषेत लिहिलेलं काही दिलं, की तो ते न वाचता जपून ठेवतो आणि वेळ आली की एका मधल्या माणसाच्या हाती देतो. हा मधला माणूस म्हणजे त्या भाषेचा हँडलर. तो मजकूर वाचतो, काम करतो आणि उत्तर डेटाबेसला आणून देतो. हँडलर जागेवर आहे तोवर सगळं छान. तो नसला तर मजकूर शाबूत आहे, पण घरात वाचता येणारं कोणी नाही, अशी अवस्था होते. हे सगळं मी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या कोळंबी सोलत होत्या. म्हणाल्या, “बरा हाय.”

एका शनिवारी मला लॅपटॉपवरची सगळी सॉफ्टवेअर नवी करून घ्यायची हुक्की आली. कोणी सांगितलं नव्हतं, काही अडलं नव्हतं. चालत्या गाड्याला खीळ घालण्याची माझी ही जुनी हौस आहे. सगळं नवं झालं, मी खूश होऊन झोपलो.

रविवारी सकाळी निरोप गेला नाही. त्या रविवारी एका लग्नामुळे आम्ही ठाण्याला गेलो नव्हतो, म्हणून मला पत्ताच नाही. सोमवारीही गेला नाही. मंगळवारी मी घरून काम करत होतो, तेव्हा बायको फोन कानाला लावूनच खोलीत आली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, “बाबा विचारतायत, जावई बरे आहेत ना? दोन-तीन दिवस मेसेज नाही म्हणून.”

“सांग, अर्ध्या तासात येतो मेसेज,” मी म्हणालो. माझ्या कॉम्प्युटरच्या धंद्यात अर्धा तास हे वेळेचं माप नाही, ती एक प्रार्थना आहे.

लॅपटॉप उघडला. डेटाबेस म्हणत होता, की या भाषेचा हँडलर मला सापडत नाही. म्हणजे नव्या डेटाबेसबरोबर नवा हँडलर यायला हवा होता, तो आलाच नव्हता, आणि जुना हँडलर नव्या डेटाबेसला ओळखत नव्हता. साधं दुखणं. नवा हँडलर आणायचा, जागेवर बसवायचा. पण आधी मी लॅपटॉप बंद करून चालू केला. एकवीस वर्षांच्या अनुभवानंतरही माझा पहिला उपाय तोच असतो. मग फायलींच्या परवानग्या बघितल्या. मग जुनी फाइल नव्या जागी कॉपी करून बघितली, हे म्हणजे निवृत्त हवालदाराला टोपी घालून परत नाक्यावर उभं करणं झालं. तो उभा राहिला आणि डेटाबेस कोसळला. मग शहाणपण सुचून नवा हँडलर उतरवून घेतला आणि डेटाबेसला सांगितलं, ही भाषा नव्याने बसव. तो म्हणाला, ही भाषा आधीच आहे. मी म्हटलं, मग ती काढ. तो म्हणाला, काढता येत नाही, हिच्यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत. आणि खाली त्याने सूचना दिली, की अवलंबून असलेल्या गोष्टींसकट काढायची असेल तर आदेशाच्या शेवटी एक शब्द जोडावा.

मी तो शब्द जोडला.

ऑफिसात नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी एक भाषण देतो. डेटाबेस सूचना देतो तो सल्ला नसतो, तो फक्त तुम्हाला दरवाजा कुठे आहे ते दाखवतो, आत खड्डा आहे की खोली ते तुम्ही बघायचं. भाषण चांगलं आहे. मुलं लिहून घेतात. मीही घ्यायला हवं होतं. भाषा गेली आणि तिच्यासकट तिच्यात लिहिलेलं सगळं गेलं. पडद्यावर शांतपणे एक ओळ आली, की भरतीची वेळ काढणारं फंक्शनही काढून टाकलं आहे. खाली कर्सर लुकलुकत राहिला.

नवा हँडलर मग दोन मिनिटांत बसला. अगदी ठणठणीत. आता त्याला वाचायला काही नव्हतं.

बॅकअप होता. बॅकअपवरही माझं एक भाषण आहे. पण घरचा बॅकअप लावताना मी फक्त टेबलांतली माहिती घेतली होती, फंक्शन घेतलंच नव्हतं, कारण ते काय, आपल्या डोक्यात आहेच. डोक्यात शोधलं. तिथे पाऊणपट होती, आणि बाकी सगळा चिखल. दोन वर्षांत त्यांनी सांगितलेली ती पाच-पाच दहा-दहा मिनिटं, उधाणाची, भांगाची, पावसाळ्याची, एकही धड आठवेना. नोकरीत याहून मोठे घोटाळे मी जेवणाच्या सुट्टीच्या आत निस्तरले आहेत. पण त्या घरात मी नेऊन ठेवलेली एकुलती एक वस्तू ही होती, आणि ती मी माझ्याच हाताने फेकली होती. परत जाऊन काय सांगणार? बाबा, तुम्ही दोन वर्षं जे दिलंत ते माझ्याकडून हरवलं, पुन्हा द्या?

बायकोला मी सांगितलं, की अजून अर्धा तास.

मग एक आशा दिसली. पाठवलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद टेबलात होती, आणि टेबलं शाबूत होती. दोन वर्षांच्या वेळा समोर होत्या. उत्तरं आहेत तर त्यावरून गणित मागे काढता येईल. मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक दिवसाची तिथी, तिची पाऊणपट, आणि निरोपातली वेळ. फरक मांडत गेलो. बुधवार, गुरुवार, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून हेच. हळूहळू एकेक गोष्ट सापडू लागली. हे उधाणाचं, हे पावसाळ्याचं. मला स्वतःच्या हुशारीचं भरतं आलं. शेवटी सगळी मिनिटं बाजूला काढल्यावर तळाशी एकच आकडा उरला, रोजचा, न चुकता. पंचेचाळीस मिनिटं. खाडीचा तो पाऊण तासाचा फरक.

पण तो उणे होता. चतुर्थी, पाऊणपट तीन, निरोपात सव्वादोन.

मी वहीवर खाडी काढली. इकडे समुद्र, मग ठाणे, मग वर डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसलो. भरतीचं पाणी समुद्रातून येतं. खाडीत चढून ठाण्याला पोचायला त्याला वेळ लागतो. म्हणून ठाण्याला भरती उशिरा, पाऊण तास मिळवायचा. मी वजा केला होता. का, तर मी घाटाच्या पायथ्याचा माणूस, माझ्या डोक्यात पाणी नेहमी वरून खाली येतं, कल्याणहून निघतं, ठाणे घेतं आणि शेवटी समुद्राला मिळतं. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षं भरती आधी ठाण्याला येत होती आणि मग समुद्रात जात होती. बाकी सगळी पाच-पाच मिनिटं मी सोनाराच्या ताजव्यावर तोलून बसवली होती, आणि एकूण हिशेब दीड तासाने चुकला होता. रोज. सातशेच्या वर दिवस.

होडी दीड तासाने चुकली तर चिखलात रुतून बसते, एवढं मलाही ठाऊक आहे. मी घाबरून स्वयंपाकघरात गेलो. बायको कणीक मळत होती.

“ऐक ना,” मी म्हणालो, “तो भरतीचा टाइम... तो पहिल्यापासून चुकीचा होता बहुतेक.”

“दीड तास,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दीड तास मागे असतो. आम्ही मिळवून वाचतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सगळे. बाबा, दादा, आई. शेजारचे काका पण. पहिल्या आठवड्यातच कळलेलं.”

“अगं मग सांगायचं ना मला!”

तिने कणकेचा गोळा उलटा केला. “बाबा म्हणाले, नको. जावयाने एवढं हौसेनं केलंय, चूक कोण दाखवणार? दीड तास काय, मिळवता येतो.”

मला हसू आलं नाही. आज येतं, त्या दिवशी नाही आलं. म्हणजे ते दर रविवारचं बोलणं, ती मिनिटं, ते सगळं त्यांनी मला चहासारखं दिलं होतं. पाहुणा आहे, रिकामा कसा बसवायचा? दोन वर्षं मी ज्याला घरात शिरणं म्हणत होतो, ती खुर्चीच होती. थोडी जास्त मऊ, एवढंच.

रविवारी मी ठाण्याला गेलो. खुर्ची आली, पंखा वळला. मी उभाच राहिलो आणि म्हणालो, “बाबा, मेसेजमधला टाइम दोन वर्षं चुकत होता.”

“नाय नाय,” सासरे म्हणाले, “बरोबर व्हता. मस्त चालत व्हता.”

“दीड तास चुकत होता.”

“थोरा इकरं तिकरं. पानीच तसा, पान्याचा काय भरवसा?” त्यांनी माझ्यासाठी पाण्यावर आळ घेतला.

“बाबा, मी सगळं पुसून टाकलंय. आता पहिल्यापासून करायचंय. मला तुमच्याबरोबर होडीत न्या. खुर्चीत बसून नाही कळत मला.”

सासूबाईंनी बायकोकडे बघितलं. बायकोने खांदे उडवले. सासरे पाग उचलत म्हणाले, “पँट वर घ्या.”

त्या दिवशी पंचमी होती. पाऊणपट पावणेचार, अधिक पाऊण तास, साडेचारला भरती. हे मी तोंडाने घोकत होडीत चढलो आणि चढताना एक चप्पल चिखलात ठेवून आलो. दुपारभर मी एका फळीवर बसून होतो. डब्याने पाणी उपसण्याचं काम मी आपणहून घेतलं आणि ते निम्मं खाडीत आणि निम्मं सासऱ्यांच्या अंगावर केलं. त्यांनी पाग टाकला, चार बोईट आणि आठ-नऊ चिंबोऱ्या मिळाल्या. साडेचारच्या सुमारास पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना टेकलं आणि थांबलं. खरोखर थांबलं. बघून मला भरून आलं.

“दोर बांधा,” सासरे बोईट घेऊन उतरता उतरता म्हणाले.

दहा वर्षांत मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी धक्क्याच्या लोखंडी कडीला दोर असा बांधला, की होडी धक्क्याला चिकटून बसली. तीन गाठी मारल्या. जरासुद्धा ढिला सोडला नाही. चिंबोऱ्यांची टोपली पाळी संपवून येणारा मेहुणा आणणार होता, म्हणून ती होडीतच ठेवली.

साडेसहाला मेहुणा धावत घरी आला. आम्ही धक्क्यावर गेलो. पाणी दोन तासांत पुरुषभर उतरलं होतं. माझी होडी उतरली नव्हती. ती आखडलेल्या दोराला नाकाने लटकून उभी होती, टोपली उलटी पडली होती, आणि शेवटची चिंबोरी चिखलात तिरकी तिरकी निघून जाताना दिसत होती. धक्क्यावर वीसेक माणसं जमली होती.

सासऱ्यांनी एकदा होडीकडे बघितलं, एकदा गाठींकडे, आणि मग माझ्याकडे.

“अरं, डोकं हाय का मडका!” ते ओरडले. “पानी उतरतं ते तुला ठावं नाय? दोर ढिला सोराचा का गला आवलाचा? दोन वरसं मना भरतीचा टायम सांगतोस आनि ओहोटी इसरलास? बघतोस काय, उतर खाली! धर तिला!”

मी उतरलो. मांडीपर्यंत चिखल. मेहुणा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, वरून सासरे दोर सोडतायत आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. दुसरी चप्पलही गेली. लोक पोट धरून हसत होते. खाली चिखलात मेहुणा मला हळूच म्हणाला, “मी बारा वर्सांचा असताना सेम असाच बांधलेला.”

रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे जमिनीवर बसलो. माझे कपडे चिखलाचे होते म्हणून असेल, पण खुर्ची कोणी आणली नाही. सासूबाई बोईटाचं कालवण वाढत आल्या. माझ्या पानात तुकडी टाकून पुढे गेल्या. शेपटाकडची होती. काटेच काटे. मी ती खाताना दोनदा ठसकलो आणि बायकोने माझ्या पाठीत बुक्की मारली. इतकं चांगलं मी त्या घरात कधी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा लिहिलं. या खेपेला पायथन नाही, हँडलर नाही, डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत, साध्या चार-पाच ओळी. पाऊण तास मिळवला. मिळवला ना, हे तीनदा बघितलं. मंगळवारी सकाळी सहाला निरोप गेला. आणि सव्वासहाला सासऱ्यांचा आवाज ग्रुपवर आला, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी अंथरुणातच फोन कानाला लावला.

“धा मिंटं चुकलास रं. नीट कर.”

ती दहा मिनिटं मी अजून नीट केलेली नाहीत. रोज सकाळी सव्वासहाला शिव्या येतात. मी त्याच्या आधी उठून बसलेला असतो.